डाव्या पायातला देव

"गेल्या सोमवारी खोबऱ्याच्या वांगडा गूळ तरी होतो. आज नुसता खोबरा. देवाक काय गूळ महाग झालो?"

शेवंतीच्या अगदी मानेमागं कुणीतरी पुटपुटलं. दुसरीनं तिला कोपर मारून गप्प केलं. "हळू बोल गो. तेची बाईल फुड्यात बसली हा."

"बसांदे. मिया तिच्या घोवाक खंय काय म्हणतंय? गुळाचा म्हणतंय."

शेवंतीनं मागं वळून पाहिलं नाही. नवऱ्याचं, लवूचं, देऊळ झाल्यापासून पाठीमागचं बोलणं ऐकून घ्यायची तिला सवय झाली होती. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते त्या सालची गोष्ट. मालवणच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यालगत त्यांची वाडी. एरवी तिथं मासळीवाल्या बायांखेरीज परकं माणूस फिरकायचं नाही. आता दर सोमवारी उन्हं कलली की तिच्या अंगणातल्या झावळ्यांच्या मांडवात उभं राहायला जागा मिळत नसे. पार आरोंद्याहून माणसं येत. कुणाला मूल हवं, कुणाच्या मुलाला मुंबईची नोकरी हवी. लवूच्या पायावर डोकं टेकून ती मागायची आणि खोबरं चघळत परत जायची.

लवू मधोमध बाकावर बसलेला. उजवा पाय ओंडक्यासारखा खाली ठेवलेला, डावा पुढं केळीच्या पानावर ताणलेला. आणि त्याच्या शेजारी निखारेबुवा.

बुवांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भगवी कफनी, पोट तिच्याही पुढं, हातात चिमटा. ते गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की दोन शेतांपलीकडं ऐकू जाई.

"बा वेताळा म्हाराजा! ह्या लेकराचो उजवो पाय तू धरून ठेवलंस!"

"व्हय म्हाराजा!" मांडव गरजला.

"पण डाव्या पायात माझ्या गुरूची गादी मांडलेली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर त्या गादीक विस्तव बाधता काय?"

इथं दर सोमवारी घोटाळा व्हायचा. जिभेला व्हय म्हणायची सवय लागलेली, आणि उत्तर तर नाय द्यायचं. अर्धा मांडव व्हय म्हणायचा, अर्धा नाय. बुवा डोळे वटारायचे आणि मग सगळे मिळून म्हणायचे, "नाय म्हाराजा!"

मग बुवा शुद्ध भाषेत शिरत. तळेऱ्याच्या तिठ्यावरून आलेला माणूस, सगळ्या रस्त्यांच्या भाषा त्याला येत. "मंडळी, वैद्य-डॉक्टर काय सांगतील? शीर दबली! अहो, शीर दबली असती तर एक पाय साफ मेला असता, दुसरा साफ जगला असता. इथं उलटा न्याय बघा. जो पाय मेला, तो विस्तवाला बघून रडतो. जो जिता, तो हसतो! उजव्यात भूत, म्हणून तो चटक्याला भितो. डाव्यात गुरू, त्याला कसली भीती? ही शीर नव्हे मंडळी, ही लीला!"

चिमट्यातला निखारा लवूच्या डाव्या पावलावर टेकला. चर्र झालं. बायांनी पदर तोंडात धरले. वास सुटला. लवू मात्र न्हाव्यापुढं बसलेल्या माणसासारखा समोरच्या माडाकडं बघत होता. हूं नाही की चूं नाही.

मग बुवांनी उजवं पाऊल तळव्याखाली धरून झटक्यानं वर रेटलं. आणि तो मेलेला पाय नाचू लागला. थडथडथडथड, टाच आपली आपण आपटत राहिली. "बघा! गादीचा ताप वेताळाला पोचला! थरथरतोय!"

मांडव हात जोडून उभा राहिला. शेवंतीही राहिली. बाबली, तिचा धाकटा दीर, निखाऱ्यांची आगटी घेऊन खाली मान घालून बुवांच्या मागं उभा होता. दर सोमवारी विस्तव फुंकायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं.

*

लवू रापणीवरचा जाणता गडी. किनाऱ्यावर उभं राहून पाण्याचा रंग बघून तो सांगायचा, मासळी कुठं आहे. होडी जाळं टाकत वळसा घालून आली की जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंना, आणि सगळी वाडी दोराला. बाया, म्हातारे, कुणी सुटत नाही. रापण एकट्यादुकट्याची नसते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वाळूवर मासळीचे वाटे घालताना दोघा भावांत वाजलं. वाजलं, इथपर्यंत वाडीतला प्रत्येकजण आपापल्या तऱ्हेनं सांगायचा. त्यापुढची गोष्ट मात्र सगळ्यांच्या तोंडी एकाच शब्दांत यायची: लवू रागानं तरातरा वेताळाच्या धोंड्याकडं गेला, तिथं ठेचकाळला आणि पडला. धोंड्यावर पडलेल्या माणसाच्या पाठीतून तेवढं रक्त कसं आलं, हे वाडीत कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं कुणाला काही उरलंच नव्हतं.

फौजदार आला असता तर नुसता बाबली गेला नसता. साक्षीदार म्हणून अर्धी वाडी ऐन हंगामात कोर्टाच्या पायरीवर बसली असती, आणि दोर कुणी ओढले असते? सासू हौसाबाई तर एका रात्रीत वाळून कोळ झाली. एक लेक अंथरुणावर, दुसरा दोरावर. दुसराही गेला तर? शेवंतीनंही मान डोलावली. बाबलीनं आणलेल्या मासळीवरच तिची चूल पेटत होती.

निखारेबुवा आले ते अशा वेळी. आल्या दिवशी त्यांनी लवूची पाठ उघडी करून बघितली, आणि मग हौसाबाईच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तेलात शेंदूर कालवून त्यांनी पाठीवर हातभर लेप दिला नि वर काळं फडकं बांधलं. "ही वेताळाची मोहर," ते म्हणाले. "हिला वारा लागता कामा नये. परक्या नजरेला पडता कामा नये." घराचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून बुवांना या घरात कुणी नाही म्हणू शकलं नाही.

*

मंगळवारी सकाळी शेवंतीनं लवूला न्हाणीच्या दगडावर बसवलं.

"माझो उजवो पाय खंय आसा गो?" लवूनं डोळे मिटून विचारलं. हा त्यांचा रोजचा खेळ झाला होता. त्या पायाची बोटं अलीकडं जराशी हलू लागली होती, पण बघितल्याशिवाय त्याला तो पाय सापडत नसे. सरळ आहे की दुमडलेला, पांघरुणात आहे की बाहेर, काही कळत नसे.

"माझ्या मांडयेर आसा. फुकटचो बसलो हा."

"भाडा घे तेच्याकडना."

ती हसली. मग तिनं कोमट पाणी घातलं. उजव्यावर पडलं तसा तो कळवळला, डाव्यावर पडलं तर त्याला पत्ताच नाही. हेही रोजचंच. तिनं डाव्या पावलावरचा अंगारा धुतला. माशा उठल्या. आज वास निराळा होता. जळल्याचा नव्हे, टाकून दिलेल्या मासळीचा. काळ्या खपलीची कड उचलली गेली आणि खाली पांढरं काहीतरी दिसलं. मीठ असेल म्हणून तिनं बोटानं पुसलं. ते पुसलं गेलं नाही.

"दुखता?"

"नाय गो. कसो थंड आसा बघ. गुरूची गादी ना ती." तो हसला. मग हळूच म्हणाला, "चलांदे असाच. देव आसा म्हटल्यार कोणाचा काय बिघाडता? बाबली रापणीर जाता, आवशीक दोन घास जातत."

तेव्हा शेवंतीला कळलं की या मांडवात सगळ्यांत कमी श्रद्धा असलेला माणूस बाकावर बसलेला आहे.

तिनं टोपलीत बांगडे घेतले, सासूला बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि मालवण गाठलं.

*

लिनो डॉक्टर गावचेच ख्रिस्ती, जन्मभर आगबोटींवर डॉक्टर होते. म्हातारपणी गावी येऊन त्यांनी बाजारामागं दवाखाना थाटला होता. तिथं औषधापेक्षा शिव्या जास्त मिळतात, अशी ख्याती होती. शेवंतीनं अर्धीमुर्धी गोष्ट सांगितली, तोवर ते चष्मा पुसत होते. मग त्यांचा हात थांबला.

"परत सांग गो बाय. उजवो हलना नाय, पण चटको लागता. डावो हलता, पण चटको लागना नाय?"

"व्हय."

"आनी डोळे मिटल्यार उजवो पाय खंय आसा ता तेका कळना नाय."

शेवंती चपापली. ही गोष्ट तिनं सांगितलीच नव्हती. "तुमकां कोणी सांगला?"

"बोटीर खलाशांची भांडणां होयत. सुरयो निघत. असो माणूस मिया तीनदा बघितलो हा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेच्या पाठीत काय लागला?"

"धोंड्यार पडलो."

"धोंड्याक धार नसता, बाय."

शेवंती टोपलीतले बांगडे उगाच नीट लावू लागली.

"सोमवारी येतंय," ते म्हणाले. "ते बांगडे ठेव थंय. फुकट तपासूची माका खोड नाय."

*

"या, या! आज साक्षात डॉक्टर दर्शनाला!" बुवांनी छत्री मिटणाऱ्या लिनो डॉक्टरांचं वाकून स्वागत केलं. "मंडळी, जागा द्या. इगर्जीतून माणूस आलाय वेताळाला भेटायला!"

मांडव खदखदला.

"इगर्जीतय तुमच्यासारखे आसत, बुवा. ते मेणबत्ती वापरतत, इतकोच फरक," डॉक्टर म्हणाले, आणि हसू बुवांकडून त्यांच्याकडं आलं. "माका एकच व्हया. आज निखारो उजव्या पायार ठेवा."

"भुताला विस्तव दाखवू? भूत भडकेल!"

"बरा. मगे चायच बघूया."

मांडवाच्या तोंडाशी चहावाला बसला होता. डॉक्टरांनी एक पेला कढत चहाचा घेतला, एक विहिरीच्या पाण्याचा. लवूच्या डोळ्यांवर त्याचाच पंचा बांधला. चहाचा पेला डाव्या पोटरीला टेकवला.

"काय लागता?"

"पेलो."

"गरम काय थंड?"

लवू विचारात पडला. "पेलो," तो पुन्हा म्हणाला.

गार पेला टेकवला. "ह्यो?"

"तोच पेलो."

मग चहाचा पेला उजव्या पोटरीला. "आयाऽ! भाजलंय रे!" लवू अर्धा उडाला.

"आता सांग, मिया तुझो उजवो अंगठो वर केलंय काय खाली?"

"वर."

अंगठा खाली होता. लोक हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकला. आता कुणी हसलं नाही.

मग डॉक्टरांनी उजवं पाऊल तळव्याखाली धरून झटक्यानं वर रेटलं आणि तसंच धरून ठेवलं. थडथडथडथड. "मंत्र म्हणूक नाय. उपास नाय. काल रात्री मटण जेवलंय. माझ्या हातान तुमचो वेताळ कसो काय नाचता?" त्यांनी मान वर केली. "ये गो, तू ये. तू धर."

गुळासाठी कुरकुरणारी बाई पुढं ओढली गेली. तिनं भीत भीत पाऊल रेटलं. पाय नाचला. ती किंचाळली, आणि मग तिला हसू आवरेना. "अगो बाय, माझ्याय हातान नाचता!"

"नाचतलोच. वरसून हुकूम येवचो बंद झालो काय पाय असो आपल्याच तालार नाचता. तेका देव लागना नाय, नुसतो झटको लागता."

डॉक्टर मांडवाच्या खांबाला बांधलेला रापणीचा दोर हातात घेऊन उभे राहिले. त्याचे पीळ त्यांनी बोटांनी उकलले. "पाठीच्या कण्यात असो एक दोर आसा. तेच्यात बारीक बारीक पीळ. पाय हलव म्हणून सांगणारे पीळ ज्या बाजूचे, त्याच बाजून खाली उतरतत. पाय खंय आसा ता कळवणारेय त्याच बाजून वर जातत. पण चटक्याचे पीळ वेगळे. ते पाठीत शिरले काय थोड्याच अंतरात पलीकडे वळांडतत आनी दुसऱ्या बाजून डोक्याक जातत. आता ह्या दोराची नुसती उजवी बाजू कोणी कापली, तर काय होतला?"

दोर ओढून ओढून हाताला घट्टे पडलेली ती माणसं. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांना समजलं.

"उजव्याचा हलणा गेला. डाव्याचो चटको गेलो. एकच घाव, दोन पायांका दोन दुखणी. नुसता टेकलेला दोन्ही पायांका कळता, म्हणून तेका पेलो कळलो. ह्या शंभर वर्षांमागे डॉक्टरांनी लिहून ठेवलेला आसा. बुवांका ह्याच्यातला काय ठावक नाय. तेंका इतक्याच ठावक, खंयच्या पायार निखारो ठेवलो तर माणूस वराडणा नाय."

"निंदा!" बुवा कडाडले. "मग उजव्या पायाची बोटं हलू लागली ती कुणाच्या कृपेनं? सगळ्यांनी बघितलीत!"

डॉक्टर लवूसमोर उकिडवे बसले आणि आवाज खाली आणून, जणू एकट्या शेवंतीला सांगावं तसं म्हणाले, "हलूक लागली ती आपसूक. असल्या घावात पुष्कळांका थोडा थोडा परत येता. ह्योय चललो असतो. काठी घेवन, डाव्या पायाच्या जिवार." त्यांनी डाव्या पावलावरचा अंगारा पुसला. पांढरं हाड मांडवाला दिसलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी उठून बाहेर गेल्या. "दुखणा म्हणजे पायातलो पहारेकरी. ह्या पायाचो पहारेकरी गेललो. असो पाय तळहातार जपूचो. तुमी सोमवारी सोमवारी तेच्यार विस्तव ठेवलात."

"ऱ्हवतलो?" शेवंतीनं विचारलं. "डावो?"

"नाय, बाय. उद्याच्या बोटीन मुंबयच्या इस्पितळात न्हेलात तर घोट्याच्या वरसून जायत. थांबलात तर गुडघ्याच्या वरसून. आनी आणखी थांबलात तर पायाची चर्चाच नको."

शेवंतीनं पदरानं त्या पावलावरच्या माशा हाकलल्या.

"देव आसा काय नाय ह्या मिया सांगूक येवक नाय," डॉक्टर उभे राहत लोकांकडं वळले. "तुमी पुजा, माझी ना नाय. पण माणूस पडलो तर आदी तेची पाठ बघा. जखम बघा. कसा झाला ता विचारा, आनी विचारल्यार खरा सांगा. तितक्या केला तरी पुरे." असं म्हणून त्यांनी लवूच्या पाठीवरचं काळं फडकं सोडलं आणि शेंदूर खोबरेलाच्या बोळ्यानं पुसून काढला. कण्याच्या उजव्या बाजूला, नखाएवढी, सरळ, स्वच्छ रेघ. "ही सुरी. इस्पितळात विचारतले, कोणी मारली."

आता बुवांची पाळी होती, आणि बुवा हसले. इतके दिवस वाडीच्या ज्या गुपितावर ते उभे होते, ते या म्हाताऱ्यानं आपणहून त्यांच्या हातात दिलं होतं.

"सुरी म्हणतात डॉक्टर! ठीक आहे. ह्या वाडीत लवूवर सुरी कुणी उचलली? कुणी बघितली? सांगा मंडळी, इथंच सांगा. आणि सुरी नसेल, तर डॉक्टरांचा दोर कुणी कापला? वेताळानं की आणखी कुणी?"

वाडीतली सगळी माणसं तिथं होती. वाळूवर त्या संध्याकाळी वाटे घेऊन उभी असलेलीही. कुणी पायाकडं बघू लागलं, कुणी माडाकडं. बाबलीच्या हातातली आगटी कलंडत चालली होती, निखारे त्याच्या बोटांना लागत होते, आणि तो ती सोडत नव्हता. त्याला चटका बसत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

लवूनं डोळ्यांवरचा पंचा काढला. भावाकडं बघितलं.

"धोंड्यार पडलंय मिया," तो म्हणाला.

"ऐका!" बुवा म्हणाले.

शेवंती उठली. तोंड उघडलं. महिनोन्‌महिने गिळलेले शब्द जिभेवर होते. बोलली तर ज्याच्या हातून मासळी येते तो जाईल. गप्प बसली तर ज्याच्यासाठी मासळी शिजवते तो जाईल. तिनं सासूकडं बघितलं.

तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यातून हौसाबाई पुढं आली. कुणाचा हात न धरता, बाकाला न टेकता. आधी ती बाबलीजवळ गेली, त्याच्या हातातली आगटी काढून घेऊन तिनं खाली वाळूवर ओतली. मग वाडीकडं तोंड करून उभी राहिली.

"धोंडो नाय. वेताळ नाय," ती म्हणाली. "माझ्या बाबलीन लवूच्या पाठीत सुरी मारल्यान. ती सुरी मिया धुतलंय. आनी तुमी सगळ्यांनी बघितलात."